मारियम बोलाजीच्या स्पर्धांचा खर्च हंगामाआधी मंजूर करा

मा. मल्लम शेहू डिक्को,
अध्यक्ष, राष्ट्रीय क्रीडा आयोग, अबुजा, नायजेरिया

सविनय नमस्कार.

मी लागोसमध्ये राहणारा मराठी माणूस. नोकरीसाठी आलो, इथे रुळलो आणि सुट्टीच्या दिवशी इथल्याच पोरांबरोबर बॅडमिंटन खेळतो. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. मराठीत यासाठी लिहितोय की मारियम एनिओला बोलाजी हे नाव माझ्या माणसांनाही कळावं.

सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये नायजेरियाच्या मारियमने बॅडमिंटनच्या महिला एकेरीत एसएल-३ गटाचं कांस्यपदक जिंकलं. त्याआधी ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, बॅडमिंटनमध्ये आफ्रिका खंडाच्या नावावर एकही पदक नव्हतं. नायजेरियाची ग्रेस डॅनियल बीजिंग ऑलिम्पिकला खेळली, डॉर्कस अडेसोकन टोकियोला खेळली, पण पदकापर्यंत पोचली ती मारियम. त्याच उन्हाळ्यात पॅरिस ऑलिम्पिकहून नायजेरियाचं पथक रिकाम्या हाताने परतलं होतं. पॅरालिम्पिकच्या पथकाने सात पदकं आणली.

एसएल-३ म्हणजे पायाचं अपंगत्व असलेले, उभं राहून खेळणारे खेळाडू. त्यांची एकेरी अर्ध्या कोर्टवर होते. अर्धं कोर्ट म्हणून खेळ सोपा असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एक सामना जवळून बघावा. आडवं पळणं कमी होतं, पण कोर्टची लांबी तेवढीच राहते. प्रतिस्पर्धी एक शटल पार मागच्या रेषेवर टाकते, पुढचं जाळीला चिकटून सोडते. प्रत्येक वेळी अधू पायावर भार घेऊन थांबायचं, वळायचं, पुन्हा पुढे झेपावायचं. कोपऱ्यात मारून गुण काढायला रुंदीच नसते, त्यामुळे रॅली लांबत जातात. मनगटाची फसवणूक आणि दम, दोन्ही लागतं.

आम्हा भारतीयांना या गटाची ताकद चांगली ठाऊक आहे. मुंबईत वाढलेली मानसी जोशी २०१९ मध्ये बासेलला याच गटात जगज्जेती झाली. पॅरिसमध्ये युक्रेनच्या ओक्साना कोझिनाने मानसीला गटसाखळीत तीन गेमच्या झुंजीत हरवलं. त्याच कोझिनाला मारियमने कांस्यपदकाच्या लढतीत सरळ दोन गेममध्ये नमवलं. आमची मनदीप कौरही मारियमपुढे हरली. मला वाईट वाटलं, आणि तरीही मी मारियमसाठी टाळ्या वाजवल्या.

आता मुद्द्याचं. पॅरालिम्पिकची पात्रता जागतिक क्रमवारीवर ठरते आणि क्रमवारीचे गुण मिळतात ते स्पर्धा खेळून. त्या स्पर्धा होतात स्पेनमध्ये, दुबईत, थायलंडमध्ये, इंडोनेशियात. युरोपातली खेळाडू रेल्वेने जाऊन खेळून येऊ शकते. मारियमला विमानाचं तिकीट लागतं, व्हिसा लागतो, प्रशिक्षकाचाही खर्च लागतो. स्पर्धेच्या तोंडावर पैसे मंजूर झाले, तर तिकीट दुप्पट महागतं आणि व्हिसाची तारीखही उलटून जाते. खेळाडू घरी, गुण दुसरीच्या खात्यात.

ऑलिम्पिक-पॅरालिम्पिक पदकांच्या तयारीसाठी असलेल्या भारत सरकारच्या टॉप्स योजनेत निवडक खेळाडूंना, पॅरा खेळाडूंनाही, दरमहा ५०,००० रुपये भत्ता मिळतो. परदेशी स्पर्धा आणि प्रशिक्षणाचा खर्चही त्यातूनच होतो. त्यातही त्रुटी आहेत, पण पैसा पदकाच्या आधी येतो, हे महत्त्वाचं. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने बॅडमिंटनची पाच पदकं जिंकली. त्यामागे त्या खेळाडूंची मेहनत आहेच, पण हा आधारही आहे.

२०२५ मध्ये आफ्रिकेचा करंडक जिंकणाऱ्या आपल्या महिला फुटबॉल संघातल्या प्रत्येकीला राष्ट्राध्यक्षांनी एक लाख डॉलर आणि घर जाहीर केलं. त्या मुलींचा तो हक्कच होता. मात्र असं बक्षीस जिंकल्यावर मिळतं. मला काळजी आहे ती जिंकण्याआधीच्या तीन वर्षांची. त्या वर्षांत टीव्हीवाले येत नाहीत आणि मंत्रालयात फोटोही निघत नाहीत.

म्हणून माझी मागणी एवढीच: लॉस एंजेलिस २०२८ पर्यंत मारियम आणि तिच्यामागून येणाऱ्या पॅरा बॅडमिंटनपटू कोणत्या स्पर्धा खेळणार, त्याची यादी फेडरेशनकडून मागवून घ्या. हंगाम सुरू होण्याआधी रक्कम मंजूर करा आणि यादी व रक्कम दोन्ही जाहीर करा. व्हिसाच्या पत्रांसाठी आयोगातला एक अधिकारी नेमून द्या, म्हणजे खेळाडूला टेबलाटेबलांवर हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
लागोसमधला एक मराठी बॅडमिंटनप्रेमी