मशीन बिघडलेलं नव्हतं

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री सुखरूप पोचले. आंबा घाटात धुकं होतं, पण गाडी वेळेत आली. निघताना घाईत बरंच बोलायचं राहिलं. फोनवर सांगितलं की विसरायला होतं, म्हणून व्हॅक्यूम क्लीनरचं सगळं नीट लिहून पाठवतेय.

बाबा, तुम्ही ते मशीन माळ्यावर टाकायला निघाला होतात. दुरुस्तीवाल्याने मोटर गेली म्हणून सांगितलं आणि आईने पुन्हा केरसुणी हातात घेतली. चार दिवस तिची धाप मी रात्री ऐकत होते. मोटर गेलेली नव्हती, बाबा. मशीन गुदमरलं होतं.

ओटीवर कागद पसरून आपण दोघांनी ते उघडलं तेव्हाचं आठवतं ना? डब्यातली जाळी लाल मातीने लिंपल्यासारखी झाली होती. तिच्यामागच्या स्पंजवर काळे ठिपके, बुरशीचे. आणि पाइपात ते रुपयाचं नाणं टाकलं तर ते खाली आलंच नाही! मग वाकड्या भागातून काय निघालं? वातींच्या कापसाचा बोळा, उदबत्तीच्या दोन काड्या आणि आईची केसाची पिन. पिन आडवी अडकली आणि बाकी सगळं तिच्यावर साठत गेलं. हे नाणं टाकून बघायचं दर महिन्याला करा, एका मिनिटाचं काम आहे. अडकलं तर तार घालू नका, पाइपाला भोक पडतं. बोथट काठीला फडकं गुंडाळून हळूच ढकलायचं.

आपल्या मशीनमध्ये जी हवा केर ओढते, तीच पुढे मोटरवरून जाऊन तिला गार ठेवते. वाट तुंबली की मोटर तापते आणि आत बसवलेला सुरक्षेचा स्विच तिला बंद करतो. म्हणून ते दहा मिनिटांत बंद पडायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू व्हायचं. आणि आवाज! विहिरीचं पाणी आटलं की पंपाचा सूर बदलतो, ते तुम्ही अंगणातून ओळखता. इथेही तसंच आहे. ढकलायला हवाच नसली की मोटरला जोडलेल्या पंख्यावरचा भार कमी होतो, तो जास्त जोरात फिरतो आणि आवाज बारीक, किंचाळल्यासारखा होतो. तसा आवाज आला की लगेच बंद करायचं, प्लगची पिन काढायची आणि डबा, फिल्टर, पाइप या क्रमाने बघायचं.

आता फिल्टरचं, कारण खरी चूक तिथे झाली, आणि ती माझी. मागच्या गणपतीआधी मीच आईला फोनवर ‘स्पंज धुऊन लाव’ म्हटलं होतं. रत्नागिरीच्या पावसात तो वाळणार कसा, याचा विचार केला नाही. ओलाच बसला, त्याला कुबट वास सुटला, आणि तो वास घरभर फिरला. ओला फिल्टर लावला की ओल मोटरपर्यंत पोचते आणि धूळ चिखल होऊन त्यात बसते. तेव्हा, आई, स्पंज नळाच्या साध्या पाण्यात धू, साबण नको. स्वच्छ पाणी येईपर्यंत दाबत राहा, पिळवटू नको. मग पंख्याखाली तिपाईवर, उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात पूर्ण दोन दिवस. गॅसजवळ नको, केस वाळवायचं मशीनही नको, त्याने तो आक्रसतो. लावण्याआधी गालाला लावून बघ. जरा जरी गार लागला तरी अजून ओला आहे. तोवर मशीनला हात लावू नको; फिल्टरशिवाय ‘पाच मिनिटंच’ चालवणंही नको, सगळी माती सरळ मोटरमध्ये जाते.

चुण्या घातलेला पांढरा कागदी फिल्टर मात्र धुवायचा नाही. धुता येणाऱ्यावर नळाचं चित्र असतं, आपल्यावर नाही. तो बाहेर नेऊन हलक्या हाताने आपटायचा, आणि काळा पडला की बदलायचा. असे चांगले फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतात. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, म्हणजे बघा. पण हे सगळं फिल्टर धड असेल आणि घट्ट बसला असेल तर. नाहीतर पुढून ओढलेली बारीक धूळ मागून बाहेर पडते. जी मोठी धूळ दिसते तिने आईला तेवढा त्रास होत नाही, जी दिसत नाही ती छातीत जाते. शिवाय कोकणातल्या दमट हवेत गाद्या-उशांमध्ये धुळीतले बारीक किडे वाढतात, त्यांचाही दम्याच्या माणसाला त्रास होतो.

म्हणून माझी एकच विनंती आहे, बाबा. डबा रिकामा करायचं काम तुम्ही घ्या. आई ते परसात उभी राहून करायची, वारा तिच्याच तोंडावर यायचा. नाकाला मास्क लावा, डबा प्लास्टिकच्या पिशवीत पूर्ण आत धरून मगच उघडा, आणि पिशवीचं तोंड लगेच बांधा. ‘मॅक्स’ची रेघ यायची वाट बघू नका. तेवढा वेळ, आणि मशीन चालू असताना, आई माजघरात बसू दे.

खालच्या फिरत्या ब्रशमध्ये आईचे केस आणि साडीचे दोरे गुंडाळले होते. शिवणाच्या बारीक कात्रीने ब्रशच्या लांबीला धरून एक काप दिला आणि सगळं सालीसारखं सुटून आलं. ओढत बसला असतात तर ब्रशचे केसही आले असते. हेही महिन्यातून एकदा.

गणपती आले की एक गोष्ट सांभाळा. रांगोळी, गुलाल, उदबत्तीची राख यांतलं काहीही मशीनने ओढू नका. एवढी बारीक पूड एका दमात फिल्टर बंद करते. त्याला ओलं फडकंच बरं. सांडलेलं पाणी तर मुळीच नाही, आपलं मशीन कोरड्याचं आहे.

आणि बाबा, ते छोटं एक्स्टेन्शन बोर्ड सहा अँपिअरचं आहे. मशीनच्या मागे लिहिलंय १४०० वॅट. २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या वर जातं, हे गणित तुम्हीच मला शिकवलंत. बोर्डाची वायर मला हाताला गरम लागली. फ्रिजच्या बाजूचा मोठा प्लग वापरा. मशीनची वायर पिवळ्या खुणेपर्यंतच ओढा, लाल पट्टी दिसली की थांबा. आत गुंडाळताना प्लगची पिन हातात धरून सोडा, नाहीतर ती पायावर बसते.

तुम्ही विचारत होतात हे यंत्र कोणी काढलं. ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०१ मध्ये. तेव्हा धूळ फुंकून उडवणारं यंत्र होतं. बूथने खुर्चीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून हवा ओढली आणि रुमालाला खालून चिकटलेली धूळ बघितली. बाबा, तो रुमाल म्हणजेच आपला फिल्टर.

फिल्टरचे दोन संच मागवलेत, बुधवारपर्यंत पार्सल येईल. स्पंजांवर मार्करने १ आणि २ लिहा, एक मशीनमध्ये असेल तेव्हा दुसरा वाळत राहील. आईचा दम्याचा पंप संपत आलाय, तोही याच आठवड्यात आणा, आणि तिला डॉक्टरांकडे एकदा दाखवून या.

शनिवारी सकाळी फोन करते. नवीन फिल्टर घालून मशीन चालू करा आणि फोन जवळ धरा. मला तो आवाज ऐकायचाय.

तुमची,
मनू