शीतपेयांतील सोडियम बेंझोएट आणि मराठवाड्याचे ऊन: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

उन्हाळा लागला की मराठवाड्यात बसस्थानकांबाहेर आणि किराणा दुकानांसमोर शीतपेयांचे क्रेट रचले जातात आणि पारा 42 अंशांवर गेला तरी ते पत्र्याखाली किंवा थेट उन्हातच राहतात. यांतील अनेक पेयांत सोडियम बेंझोएट हे परिरक्षक, म्हणजे पेय टिकवण्यासाठी घातलेले द्रव्य, असते; लेबलावर ते बहुधा बारीक अक्षरांतील 211 या क्रमांकावरूनच ओळखावे लागते.

या परिरक्षकाविषयी मोबाईलवर फिरणारी सरसकट भीती मला मान्य नाही. आंबट पदार्थांतील बुरशी व यीस्ट रोखणारे हे द्रव्य शरीरात साठून राहत नाही. त्याचे हिप्युरिक आम्ल होऊन ते लघवीवाटे बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2021 साली त्याची दैनंदिन स्वीकारार्ह मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 5 वरून 20 मिलिग्रॅमपर्यंत वाढवली.

माझा आक्षेप साठवणुकीला आहे. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकाच बाटलीत असतील, तर उष्णता व प्रकाशामुळे त्यांतून बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य अल्प प्रमाणात तयार होऊ शकते. अमेरिकेत 2006 च्या सुमारास काही शीतपेयांत ते पिण्याच्या पाण्यासाठीच्या मर्यादेहून अधिक आढळले, तेव्हा उत्पादकांना घटक बदलावे लागले. म्हणूनच कारखान्यातून निघताना निर्दोष ठरलेली बाटली महिनाभर उन्हात राहिल्यावरही तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या रसात क जीवनसत्त्व मुळातच असते. सरबत करणाऱ्या बचत गटांकडे मात्र मिलिग्रॅम मोजणारा काटा क्वचितच असतो, आणि चिमटीच्या अंदाजाने टाकलेले परिरक्षक मर्यादेत राहीलच याची खात्री कोण देणार?

तेव्हा विनंती अशी की, एप्रिल-मे महिन्यांत शीतपेयांचे नमुने कारखान्यांबरोबरच गावोगावच्या दुकानांतूनही घ्यावेत, त्यांत बेंझीनची तपासणी व्हावी आणि वितरकांना सावलीतील साठवणूक बंधनकारक करावी. बचत गटांना परभणीच्या कृषी विद्यापीठामार्फत परिरक्षकाचे मोजमाप व पाश्चरीकरण शिकवावे, आणि लेबलावर क्रमांकासोबत परिरक्षकाचे नाव मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापण्याबाबत केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे पाठपुरावा करावा.

आपला विश्वासू,
जालना जिल्ह्यातील एक मोसंबी उत्पादक