ताडपत्रीसाठी प्रार्थनेला यायला लागतं का?

लाडक्या लेकीस,

अनेक आशीर्वाद. पूरग्रस्तांच्या मदतकामातून पाठवलेला तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, बाबा पण शेजारी बसून ऐकत होते आणि मधेच उठून बाहेर गेले, तुला माहितीये ते कसे आहेत. बाकी सगळं सोड, पण तो म्हातारा काही डोक्यातून जात नाहीये. घर पुरात गेलेलं, कंबरेपर्यंत चिखलाने माखलेला माणूस, रांगेत नंबर लागल्यावर ताडपत्रीला हात लावायच्या आधी तुला विचारतो की यासाठी संध्याकाळच्या प्रार्थनेला यायला लागतं का. तू नाही म्हणालीस तर परत विचारतो, "नक्की ना?" त्या "नक्की ना"चंच मला वाईट वाटलं गं. आधी कुणीतरी त्याला तसा अनुभव दिलेला असणार, उगाच कोण दोनदा विचारेल!

आणि तू म्हणतेस टीममधल्या काहीजणांचं म्हणणं आहे की माणसं जमलेलीच असतात तर वाटपाआधी छोटी प्रार्थनासभा घेतली तर काय बिघडलं. खूप बिघडतं. उपाशी आणि भिजलेला माणूस समोरच्याला हवं ते बोलतो, आमेन पण म्हणतो, त्याला विश्वास कसं म्हणायचं? 1994 मध्ये रेड क्रॉसने आणि मदतसंस्थांनी मिळून आचारसंहिता केली त्यात साफ लिहिलंय, मदत गरज बघून द्यायची, धर्म-जात बघून नाही, आणि कुठलाही राजकीय किंवा धार्मिक विचार पुढे रेटायला तिचा वापर करायचा नाही. आणि ही काय बाहेरच्यांनी चर्चवर लादलेली नाही बरं का, कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चर्चच्याच संस्था त्यामागे होत्या. तुमच्या लीडरला हे जरूर सांग, पण शांतपणे सांग, भांडू नकोस.

याचा अर्थ गळ्यातला क्रूस काढून ठेव असं मी म्हणत नाहीये. कोणी विचारलं की बाई तू इथे कशाला आलीस तर येशूचं नाव घेऊन सांग, लाजायचं काय त्यात. प्रार्थना वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी ठेवा, ज्याला यायचं तो येईल. बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट परत वाच, वाटेत लुटून टाकलेल्या अनोळखी माणसाला त्याने कसं सांभाळलं ती. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले, वर म्हणाला जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. त्या जखमी माणसाला त्याने एक तरी प्रश्न विचारल्याचं लूकने लिहिलंय का?

दुसरं म्हणजे त्या बाईचं, जिचा मुलगा गेला आणि जी तुला रोज विचारते देवाने असं का केलं. तू म्हणालीस की उत्तर येत नाही म्हणून तिच्यासमोर जायला घाबरतेस. अगं उत्तर नसलं तरी जा. बायबलमध्येच बघ, शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा ती जास्त पापी होती का या प्रश्नाला येशूने सरळ नाही म्हटलं, त्यामुळे कोणी पुराला देवाची शिक्षा वगैरे म्हणायला लागलं तर तिथल्या तिथे थांबव. ईयोबाची मुलंबाळं, सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत सगळं बरं होतं, बोलायला लागले आणि घोळ झाला. हल्ली मानसिक प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगमध्ये पण हेच सांगतात, कुणालाही काय घडलं ते सांग म्हणून खोदायचं नाही, बोलली तर ऐकायचं, आणि गरज दिसली तर नीट माणसापर्यंत पोचवायचं. रात्र रात्र झोपत नसेल, खाणं सोडलं असेल तर प्रार्थना कर आणि डॉक्टरकडेही ने. दोन्ही.

मुलांबाबत मात्र मी कडक बोलणार आहे. एकटं दिसलेलं पोर अनाथच आहे असं धरून कुठेही हलवायचं नाही, कितीही माया आली तरी. 2010 च्या हैती भूकंपानंतर अमेरिकेतल्या दहा मिशनऱ्यांना 33 मुलं कागदपत्रांशिवाय देशाबाहेर नेताना पकडलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच पोरांचे आईबाप जिवंत निघाले. हेतू चांगला असेलही, पण त्या आयांचं काय? मूल सापडलं की आधी नोंद, मग नातेवाइकांचा शोध. फोटो पण विचारल्याशिवाय काढू नका, रडणाऱ्या बाईचा तर नाहीच, डोनर काहीही मागू देत.

आता पाणी ओसरलंय, कॅमेरे गेले, मोठ्या गाड्या पण हळूहळू जातील. तू थांबणार आहेस हे ऐकून खरं सांगू तर मला काळजी पण वाटली आणि बरं पण वाटलं, कारण खरी पंचाईत आता सुरू होते, नुकसानभरपाईच्या याद्या लागतात तेव्हा. भाड्याने राहणारे, विधवा, ज्यांची कागदं वाहून गेली ते, हेच लोक त्यातून गळतात. यांच्यासोबत बसून फॉर्म भर, ऑफिसात सोबत जा, पुन्हा जा. हे काम कुठल्या रिपोर्टमध्ये उठून दिसत नाही. आणि तिथल्या पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका, त्यांचं स्वतःचं घर पडलंय तरी ते रोज मंडळीत फिरतायत, तुम्ही उद्या निघाल, ते तिथेच राहणार. त्यांना एक रविवार सुट्टी मिळेल असं काहीतरी बघा.

स्वतःची आबाळ करू नकोस. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का ते कळव, चिखलात पायाला कापलेलं असताना उतरू नकोस, उंदरांच्या मुतामुळे लेप्टो होतो, ताप आला तर अंगावर काढू नकोस. पाण्यात क्लोरीन टाकल्यावर अर्धा तास तरी थांबून मगच प्या. आठवड्यातून एक दिवस खरंच काम बंद ठेव, आपल्याशिवाय सगळं अडेल असं वाटायला लागलं की समज विश्रांतीची वेळ झाली.

बाबा म्हणतायत गमबूट पाठवू, पण तुझा साईज त्यांना आठवत नाही आणि मला वाटतं तो वाढलाय, तेवढं आजच मेसेज कर.

तुझी,
आई