संशोधनाचा निधी आणि कारखान्यांची शिकण्याची तयारी

संपादक महोदय,

विकसनशील देशाचे नवोन्मेष धोरण जाहीर झाले की राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के रक्कम संशोधनावर खर्च होणार, यावरच बहुतेक चर्चा होते. भारतात हे प्रमाण पाऊण टक्क्याच्याही खाली आणि दक्षिण कोरियात साडेचार टक्क्यांच्या वर आहे, हे खरे. परंतु कोरियातील या खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भार उद्योग स्वतः उचलतात, ही बाब तुलना करताना सहसा गाळली जाते. प्रयोगशाळांचे अनुदान वाढवले म्हणून कारखान्यांना नवे शिकण्याची निकड भासू लागत नाही.

तैवानमध्ये १९७३ साली सरकारी औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. तिने १९७६ मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीशी चिपनिर्मितीच्या तंत्रज्ञानाचा करार केला आणि आपले तरुण अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे धाडले. मिळालेले तंत्रज्ञान त्या काळीही अद्ययावत नव्हते, पण ते हाताळणारी माणसे तयार झाली. पुढे १९८० मध्ये यूएमसी आणि १९८७ मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या याच संस्थेतून उभ्या राहिल्या, आणि संस्थेतील अभियंते त्यांच्याबरोबर बाहेर पडले. आपल्या प्रयोगशाळेतून जाणकार माणूस उद्योगात गेला, तर ते यश मानायचे की नुकसान, याचे उत्तर आपल्या धोरणकर्त्यांनी अजून स्पष्टपणे दिलेले नाही.

देशी उद्योगांना स्पर्धेपासून संरक्षण देण्याला माझा विरोध नाही. प्रश्न त्यासोबतच्या अटींचा आहे. कोरियाने स्वस्त कर्जे निर्यातीच्या लक्ष्यांशी जोडली होती. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील उत्पादन-पेटंट, म्हणजे खुद्द औषधावरचा एकाधिकार, बंद करून केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेच्या पेटंटला मान्यता दिली, तेव्हा अनेक कंपन्या तेच औषध बनवण्याच्या पर्यायी प्रक्रिया शोधण्याच्या चढाओढीत उतरल्या आणि त्यातूनच रसायनशास्त्रातील कौशल्य रुजले. त्याच काळात प्रवासी मोटारींच्या उद्योगालाही भक्कम संरक्षण होते; मात्र परवान्यांमुळे नवा स्पर्धक येण्याची भीती नसल्याने तीच मॉडेले किरकोळ फेरफारांनिशी वर्षानुवर्षे विकली गेली.

म्हणून नवोन्मेषासाठी सवलत देणाऱ्या प्रत्येक शासकीय आदेशातच तिची अंतिम मुदत आणि उत्पादनाची किंवा निर्यातीची अट नमूद असावी. तसेच सरकारी प्रयोगशाळांच्या वार्षिक अहवालांत शोधनिबंधांच्या संख्येबरोबरच किती तंत्रज्ञाने प्रत्यक्ष उत्पादनात उतरली आणि किती संशोधक उद्योगांत गेले, याचीही नोंद बंधनकारक करावी.

— एक वाचक