पर्वरीच्या तळघरात थिएटर

फोंडा, गोवा
४ मे

प्रिय बंड्या,

चावी मिळाली. काल संध्याकाळी पर्वरीला जाऊन तुझं तळघर बघून आलो, टेप लावून मापंही घेतली. थिएटर होईल, झकास होईल, आणि तू म्हणतोस तसं दोन लाखांत होईल. पण या महिन्यात नको. पुण्याहून येताना गाडीत प्रोजेक्टर टाकून आणायच्या तुझ्या गोष्टी चालल्यात, त्या चतुर्थीपुढे ढकल. का ते लिहूनच सांगतो, फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

बिल्डरने खोली तयार करून दिलीय हे खरं. खाली गुळगुळीत टाइल, छताच्या कडेने पीओपीची नक्षी, भिंतींना क्रीम रंग. फोटोत बघणाऱ्याला वाटेल, आता पडदा टांगला की झालं. पण घर उतारावरचं आहे. दरीकडची भिंत अर्धी उघडी असली तरी रस्त्याकडची अख्खी मातीत आहे, आणि ती जांभ्या चिऱ्याची. चिरा पाणी कसा पितो हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्या भिंतीच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंगाला फोड आलेत. नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी बोटाला लागली. लोणा आहे तो, ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार. मे महिन्याच्या उन्हात लोणा दिसतो, म्हणजे गेल्या पावसात तिथून पाणी येऊन गेलंय. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पहिला पाऊस बघितल्याशिवाय त्या खोलीत एक खिळासुद्धा ठोकू नये असं माझं मत आहे.

बाहेरून फिरून बघितलं तेव्हा कारणही सापडलं. गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप नेमका त्याच भिंतीच्या पायथ्याशी सुटलाय. चार महिने अख्ख्या गच्चीचं पाणी तिथे ओतलं जातं, मग भिंतीने करायचं काय? एक एल्बो आणि काही फूट पीव्हीसी पाइप लावून ते पाणी उताराकडे न्यायचं, आणि भिंतीला लागून जे गटार मातीने भरलंय ते मिरगाआधी उपसून घ्यायचं. प्लंबर आणि एक गडी, संपलं काम. आतून वॉटरप्रूफिंगचा लेप मारून देतो म्हणणारा कंत्राटदार तुला भेटेलच. त्याला पावसानंतर ये म्हण. पाणी भिंतीत शिरल्यावर आतून अडवायचं म्हणजे ते तिथून सरकून दुसरीकडे फुटतं. आधी बाहेरचं, मग गरज उरली तर आतलं.

जूनमध्ये मी एक साधी परीक्षा करून ठेवतो. दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन जमिनीला आणि तसाच एक त्या भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून लावायचा आणि एक-दोन दिवसांनी बघायचं. प्लास्टिकच्या आत थेंब जमले तर ओल जमिनीतून किंवा भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला जमले तर ती खोलीतल्या हवेतली. दोन्हींचे उपाय वेगळे. हवेतली असेल तर छताजवळच्या त्या छोट्या खिडकीचा विचार करावा लागेल. आपल्या आया म्हणतात खिडकी उघडी ठेव, हवा खेळू दे. उन्हाळ्या-हिवाळ्यात बरोबर आहे. पण जुलैत बाहेरची दमट हवा मातीने थंड झालेल्या भिंतीला लागली की तिथेच घाम सुटतो. पावसात ती खिडकी बंद, आणि एसी ड्राय मोडवर किंवा सरळ डीह्युमिडिफायर. शंभरातली आर्द्रता साठच्या खाली राहिली की बुरशी धरत नाही. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ काही शे रुपयांत मिळतं, ते मात्र आजच घे. प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी चढली तर पुसून जात नाही.

जे काही लाकूडकाम करशील ते आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायमध्येच, आणि मातीला लागलेल्या भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून. जिप्सम बोर्ड त्या भिंतीला अजिबात नको, ओल लागली की तो फुगतो. फायबर सिमेंटचा बोर्ड घे. वाळवीचं औषधही त्याच वेळी मारून घे.

आता आवाजाकडे येतो. तू विचारलंस ते खरं तर याचसाठी, कारण गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांना माइक-स्पीकर लावण्यात माझी अर्धी हयात गेली. पण मंडपात आणि खोलीत फार फरक आहे. मंडपाला भिंती नसतात, खर्ज वाजतो आणि निघून जातो. खोलीत त्याला जायला जागाच नसते, तो भिंतीभिंतींतून येरझाऱ्या घालतो. तुझी खोली अठरा फूट लांब, बारा रुंद, नऊ उंच. ध्वनी सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. त्याला मापाच्या दुपटीने भागलं की त्या दिशेला कुठला सूर घुमणार ते कळतं. लांबीत ३१ हर्ट्झ, रुंदीत ४७, उंचीत ६३. इथे गोम आहे. तुझी लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट, म्हणून लांबीचा पुढचा, दुप्पट सूरही ६३ वरच येऊन बसतो. बिल्डरला कोण सांगणार! म्हणजे त्या पट्टीतला प्रत्येक ठोका या खोलीत फुगणार. चतुर्थीला बंद खोलीत मातीचं घुमट वाजवत आरती झाली की छातीत जे धडधडतं, तसं सिनेमाच्या प्रत्येक स्फोटाला होईल आणि बोलणं त्याखाली दबेल.

यावर उपाय म्हणून लोक भिंतीला फोम चिकटवतात. इतक्या खालच्या सुराची लाट अठरा फुटांची असते, दोन इंचांचा फोम तिला जाणवतसुद्धा नाही. वर तो स्वस्तातला फोम पेटला तर धूर विषारी, आणि तुझ्या तळघराला दार एकच. अंड्यांचे ट्रे तर डोक्यातूनच काढून टाक. मागच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या लोकरीचे, जाड गठ्ठे कापडात गुंडाळून उभे कर. रॉकवूल जळत नाही. आणि मुख्य म्हणजे बसायची जागा नीट निवड. बरोबर मध्यावर, म्हणजे नऊ फुटांवर बसलास तर तो ३१ हर्ट्झचा सगळ्यात खालचा खर्ज गायब होईल, मागच्या भिंतीला टेकून बसलास तर नुसता खर्जच ऐकू येईल. पडद्यापासून बारा फुटांवर बैठक ठेव, मागे सहा फूट मोकळे.

सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, कुठे ठेवायचा याची एक युक्ती आहे, करताना माणूस वेडा दिसतो पण चालते. सबवूफर तुझ्या बसायच्या जागी ठेवायचा, एखादं खर्जाचं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचं. जिथे खर्ज फुगल्याशिवाय, स्वच्छ ऐकू येईल तिथे तो कायमचा ठेवायचा. वहिनीला आधी सांगून ठेव, नाहीतर पाठीची उसण भरली समजून ती शेकायची पिशवी घेऊन येईल.

मी मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर फडफड उठली, दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज टप्पे खातोय. ते मात्र स्वस्तात निस्तरतं. जमिनीवर जाड गालिचा घाल, पण चिकटवून नको, पावसात उचलता आला पाहिजे. मग तू बैठकीवर बस आणि पोराला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला लाव. आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण कर. त्या जागी दोन बाय चार फुटांचं रॉकवूलचं पॅनेल, वर कापड. अख्खी भिंत मढवायची गरज नाही, खोली मेल्यासारखी वाटते. एवढं मात्र लक्षात ठेव की याने आतला आवाज सुधारतो, वर झोपलेल्या काकींना ऐकू यायचा थांबत नाही. त्यासाठी भरीव दार, चौकटीला रबरी पट्टी, खाली फट बंद. यातूनही खर्ज थोडा वर जाणारच, तेव्हा रात्री अकरानंतर सबवूफर बंद.

चित्राकडे मी मुद्दाम शेवटी येतोय, कारण तुझं सगळं लक्ष तिथेच आहे. फोरके हवंय म्हणतोस. का? तू बघणार काय, आठव. तुझ्या यादीत अर्धी जुनी संगीत नाटकं, उरलेल्यात म्हापशाच्या अलंकारला आणि पणजीच्या सम्राट-अशोकला बघितलेले सिनेमे. त्या नाटकांच्या सीडी-डीव्हीडींत फार तर ५७६ ओळींचं चित्र असतं. त्याला कुठल्याही प्रोजेक्टरवर टाकलंस तरी ते तेवढंच राहणार. उलट नाट्यपद आणि संवाद स्पष्ट ऐकू यायला हवेत, आणि ते मधल्या स्पीकरचं काम. म्हणून फुल एचडी पुरे, आणि वाचलेले पैसे आवाजात घाल.

फक्त फुल एचडी 'नेटिव्ह' आहे ना हे बघ. 'सपोर्ट करतो' म्हणजे आत कमी असू शकतं. उजेडाचा आकडाही एएनएसआय किंवा आयएसओ लुमेनमध्येच माग, ते ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात, बाकी आकडे बहुतेक जाहिरातीचे. आणि तळघराचा खरा फायदा इथे आहे. इफ्फीला ज्या पडद्यासमोर आपण रांगा लावून बसतो, त्या डिजिटल पडद्याच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लँबर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटाला १४ लुमेन. तुझा शंभर इंची पडदा सव्वासात फूट बाय चार फूट एक इंच, म्हणजे जेमतेम तीस चौरस फूट. खोली पूर्ण काळोखी असेल तर तेवढ्या पडद्याला खरे सव्वाचारशे लुमेनही पुरतात. दिवा म्हातारा होतो, सिनेमा मोडमध्ये उजेड कापला जातो, म्हणून हजार-दीड हजारांचा घे. तीन हजारांचा कशाला? ते दिवाणखान्यात बघणाऱ्यांसाठी.

पण काळोख म्हणजे नुसती खिडकी बंद नव्हे. पडद्यावरचा उजेड क्रीम भिंतींवरून उलटून पुन्हा पडद्यावरच पडतो आणि काळं ते राखाडी दिसतं. पडद्याची भिंत आणि तिच्या जवळचं छत तरी गडद, बिनचकाकीच्या रंगाचं कर. काळा रंग घरात नको असं काकी म्हणतीलच. गडद निळा किंवा मरून चालतो.

प्रोजेक्टर छताला टांगायचा. त्याचा थ्रो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.२ असेल तर पडद्यापासून पावणेनऊ फुटांवर येईल. मॉडेल ठरल्याशिवाय छताला भोक पाडू नकोस. पुढचे दोन स्पीकर पडद्याच्या मधल्या रेषेपासून पाच-पाच फुटांवर, मधला पडद्याखाली तुझ्या कानाकडे किंचित वर रोखलेला, मागचे दोन बैठकीच्या थोडे मागे बाजूंना. साउंडबार नको, एवढी खोली असताना तो पैशाचा अपमान आहे.

पैशाचं ढोबळ गणित असं: पाणी, रंग आणि वायरिंगला चाळीस हजार, गालिचा-पॅनेल-दाराला पंचवीस, रिसीव्हर आणि स्पीकरना सत्तर, प्रोजेक्टरला पन्नास-पंचावन्न. उरतात त्यात पडदा आणि बैठक. पडदा महागाचा वाटला तर ती भिंत पुट्टी घासून एकसारखी करून, त्यावर कडेला काळी पट्टी सोडून मध्ये मॅट पांढरा मार. माझ्याकडे तसाच आहे, आणि आलेल्या कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

वायरिंगमध्ये मात्र काटकसर करू नकोस. तळघराची लाइन वेगळी काढ, तिला तीस मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आणि सर्ज प्रोटेक्टर, आणि अर्थिंग एकदा मोजून घे. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात आपल्याकडे विजा कशा कडाडतात ते विसरला नसशील. ढग दिसले की प्लग काढायचा, इंटरनेटची तांब्याची केबल असेल तर तीही, कारण झटका तिथूनही आत येतो. दिव्याचा प्रोजेक्टर घेतलास तर छोटा यूपीएस लाव, वीज गेल्यावर त्याचा पंखा थोडा वेळ फिरायला हवा. आणि जिन्यावर आपोआप लागणारा इमर्जन्सी दिवा.

पाइप आणि गटाराचं काम मी या आठवड्यात करून घेतो, हो म्हण फक्त. चावी माझ्याकडेच ठेवतो. खरेदी दसऱ्याला, दोघं मिळून.

काकींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भाई

ता.क. वहिनीने पाठवलेला त्या तीनजणी रिक्लायनरचा फोटो बघितला. छान आहे, पण जिन्याच्या वळणावर रुंदी तेहतीस इंच भरली. सुटे भाग करून खाली नेता येत असेल तरच पैसे भर.