हक्क एका हाती, मानधन दोघांना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मृत्युपत्राचा मसुदा वकीलबाईंनी पाठवलाय. घर, ठेवी, दागिने याबद्दल आपलं फोनवर बोलणं झालंच आहे. हे पत्र माझ्या नाटकांबद्दल. त्यांचे सगळे हक्क मी ताईच्या एकटीच्या नावे करतेय आणि येणारं मानधन तुम्हा दोघांत निम्मं-निम्मं. बाबांना हे मान्य आहे. तुला ते माझ्याकडूनच कळावं आणि असं का, तेही.

मृत्युपत्र न करता मी गेले, तर कायद्याने बाबा, तू आणि ताई सारखेच वारस. ठेवीचे तीन भाग करता येतात, पण परवानगीचे कसे करणार? हक्क सामाईक झाला की प्रत्येक परवानगीला सगळ्यांचा होकार लागतो. आणि हा हक्क लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून तब्बल ६० वर्षं चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची पुस्तकं सगळ्यांना खुली झाली ती २०११ उजाडल्यावर. म्हणजे माझ्या एकांकिकांना परवानगी देण्याची वेळ तुमच्या मुलांवर, कदाचित नातवंडांवरही येईल. तोवर सह्या किती वाढतील बघ. माझ्याबरोबर लिहू लागलेल्या एका नाटककाराच्या घरी हेच झालं. तो गेल्यावर एका हौशी संस्थेला त्याचं दोन अंकी नाटक राज्य नाट्य स्पर्धेत करायचं होतं. तिघा वारसांनी होकार दिला, चौथ्याचं उत्तरच आलं नाही. मुदत संपली आणि मंडळींनी दुसरं नाटक बसवायला घेतलं. भांडण कुणाचंच नव्हतं रे. एवढं चांगलं नाटक, नुसतं राहून गेलं.

आता ताईच का. मागच्या वर्षी स्पर्धेच्या दिवसांत एका कॉलेजच्या मुलाचा फोन आला होता. एकांकिका वेळेत बसत नाही, आजीचं शेवटचं स्वगत कापलं तर चालेल का, असं विचारत होता. ताई शेजारीच बसली होती. तिने संहिता काढली, मनातल्या मनात वाचून पाहिली आणि त्याला म्हणाली, ‘स्वगत राहू दे. त्याच्या आधीचा शेजाऱ्यांचा प्रवेश निम्मा कर, तुझी मिनिटं तिथे निघतील.’ असं उत्तर द्यायला नाटक आतून माहीत असावं लागतं. लेखकाच्या मागे त्याच्या लेखनाची मोडतोड झाली, तर हरकत घ्यायचा अधिकार कायदा वारसांना देतो. पण मोडतोड कुठली आणि दिग्दर्शकाची नवी नजर कुठली, हे ओळखता आलं पाहिजे. नाहीतर वारस नुसतेच अडवत बसतात. शाळांकडून आणि गावातल्या मंडळांकडून मानधन घ्यायचं नाही, हेही मी मसुद्यात घातलंय.

तुझ्याकडे वेगळं काम देतेय. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा, म्हणून मला तू हवा आहेस, कारण कागद तुझ्याइतका नीट आपल्या घरात कुणी वाचत नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यात प्रत्येक नाटकाचा खाकी लिफाफा आहे: पेन्सिलच्या खुणा असलेली तालमीची संहिता, प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, प्रकाशकाचा करार. प्रकाशकाला फक्त पुस्तक छापण्याचा हक्क दिलाय. प्रयोग, सिनेमा, वेब मालिका, ऑडिओबुक हे सगळं माझ्याकडेच आहे. उद्या कुणी ‘सर्व हक्क कायमचे’ असा कागद ताईपुढे ठेवला, तर आधी तू वाच. हक्क लेखी कराराशिवाय कुणाकडे जात नाही. करारात मुदत नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारतापुरता. पण एकदा ‘कायमचे’ लिहून सही झाली की तो आधार उरत नाही.

वह्यांचं मात्र मला फार वाटतं. दोन नाटकं अपुरी आहेत, ती कुणी पूर्ण करून रंगमंचावर आणू नयेत. अभ्यासाला हवी त्याने खुशाल वाचावीत, म्हणून वह्या ग्रंथालयाला द्यायच्या. पण अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिलं आणि वेगळं काही लिहिलं नाही, तर त्यातला स्वामित्वहक्कही त्याच्याकडेच जातो. म्हणून ‘वह्या ग्रंथालयाला, हक्क ताईला’ अशी स्वतंत्र ओळ घालून घेतलीय. ती अंतिम प्रतीत आहे ना, तेवढं तू डोळ्यांखालून घाल.

साक्षीला शेजारच्या काकू आणि आपल्या डॉक्टरीणबाई येणार आहेत. तुम्ही दोघं नको, कारण लाभ तुमचाच आहे. एक्झिक्युटर म्हणून तुझं नाव घालू ना? आणि हक्क एकट्या ताईकडे जाताहेत याचं मनात काही असेल, तर सहीच्या आधी मोकळेपणाने सांग. तिला मध्ये न घेता आपण दोघं आधी बोलू.

तुझी,
आई