नोंदीची वेळ सर्व्हरनेच घालावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूध संकलन केंद्रांवर आता वहीऐवजी मोबाइलवर नोंद होते. अशाच एका केंद्राच्या अ‍ॅपचे काम मी पाहतो. एका उत्पादकाने अकरा तारखेला पहाटे सव्वापाचला घातलेले दूध आमच्या बिलात दहा तारखेचे म्हणून लागले आणि दहा दिवसांच्या आधीच्या हप्त्यात गेले. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सगळे बरोबर होते. चूक आमच्या कोडची होती: सर्व्हरवरची वेळ मजकुरात बदलताना त्याने यूटीसीची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेची, तारीख उचलली, आणि यूटीसीनुसार तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे 11:45 वाजलेले होते.

म्हणून फोनची वेळ धरावी, असेही नाही. फोनचे घड्याळ कोणीही मागेपुढे करू शकतो. आम्ही वापरतो त्या फायरस्टोअर या गुगलच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये यासाठी ‘सर्व्हरटाइमस्टॅम्प’ची सोय आहे. परंतु पाठवताना ती वेळ नसतेच; ‘नोंद पोहोचली की वेळ तू घाल’ असे सर्व्हरला सांगणारी ती केवळ खूण असते. डेटा आधी जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या ठरावीक साच्यात, बदलून मग पाठवण्याची सवय आम्हा प्रोग्रामरांच्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि त्या रूपांतरात खुणेचा अर्थच हरवून वेळेच्या जागी एक निरुपयोगी ऑब्जेक्ट साठवला जातो, तोही कसलाही एरर न दाखवता. ही खूण हे रूपांतर (सिरियलायझेशन) आटोपल्यावर, लिहिण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावरच जोडली पाहिजे. शिवाय सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत फोनवर वेळेचे ते फील्ड (नोंदीतला रकाना) ‘नल’, म्हणजे रिकामे, दिसते, हे गृहीत धरले नाही तर नुकतीच केलेली नोंद वाचतानाच अ‍ॅप बंद पडू शकते.

खरी अडचण रेंज नसलेल्या गावांची आहे. पहाटेची नोंद फोनमध्येच अडकते आणि दुपारी रेंज आल्यावर सर्व्हर तिच्यावर दुपारची वेळ घालतो. दूध घातल्याची फोनवरील वेळ आणि नोंद पोहोचल्याची सर्व्हरची वेळ अशी दोन फील्ड वेगळी ठेवावीत. दोन्हींत मोठे अंतर दिसले, तर बिल काढण्यापूर्वी केंद्रचालकाला विचारावे. सर्व्हरच्या फील्डमध्ये कोणी हाताने वेळ भरू नये, म्हणून ते मूल्य ‘रिक्वेस्ट.टाइम’शी, म्हणजे विनंती सर्व्हरवर पोहोचल्याच्या वेळेशी, तंतोतंत जुळल्याशिवाय नोंद स्वीकारू नये, असा सुरक्षा नियमही लिहिता येतो.

अ‍ॅप करून घेणाऱ्या दूध संस्थांनी या गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात आणि पहाटे साडेपाचच्या आधीची एक नोंद फोनचे नेट बंद ठेवून स्वतः करून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक प्रोग्रामर